कॅमेरा बदलला की समोरचं माणूस बदलतं : कोल्हापुरातले काही दिवस

गुरुवार

फोटो काढायच्या आधी माणूस आपल्याकडे बघत नाही, हातातल्या वस्तूकडे बघतो. रस्त्यावर माणसांचे फोटो काढताना हे मला सारखं जाणवत आलंय. मोबाईल दिसला की एक चेहरा होतो, मोठा कॅमेरा दिसला की दुसरा. म्हणून या वेळी ठरवलं, एकाच गावात जायचं, सगळे कॅमेरे सोबत न्यायचे आणि जमेल तिथं त्याच माणसासमोर एकामागून एक बाहेर काढायचे. बॅगेत मोबाईल होताच. शिवाय लांब झूम लेन्स लावलेला डीएसएलआर, म्हणजे मोठा डिजिटल कॅमेरा, घरातला जुना, फिल्मवर चालणारा याशिका-मॅट आणि फोटो काढल्या काढल्या कागद बाहेर टाकणारा इन्स्टॅक्स.

कोल्हापूरच का? कारण इथली माणसं मनात आलेलं तोंडावर विचारतात. पुण्यात फोटो काढलेला आवडला नाही तर माणूस पाठ फिरवतो. कोल्हापुरात तो जवळ येऊन "काय करालाय?" म्हणतो. मला नेमकं ते "काय करालाय" ऐकायचं होतं.

एसटी स्टँडवरून मित्राच्या घरी सामान टाकलं आणि संध्याकाळी गंगावेशीत आलो. इथे रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. धारोष्ण दूध प्यायला तालमीतली पोरं येतात, नातवाला घेऊन आजोबा येतात, आणि माझ्यासारखे पाहुणेही.

पन्नाशीचे एक दूधवाले मामा होते. आधी मोबाईल काढला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रील करालाय व्हय?" नाही म्हटलं. "मग कुठं टाकणार?" कुठेच नाही, म्हटलं. हे उत्तर त्यांना पटलं नाही, आणि ते न पटणं मला बरोबर वाटलं. मोबाईलमधला फोटो कुठेच जात नाही, यावर आज कोण विश्वास ठेवील? त्यांनी तोंड म्हशीच्या पोटाआड ठेवूनच धार काढली.

थोड्या वेळाने डीएसएलआर बाहेर काढला. मामा लगेच उठून उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी लावली. "कुठल्या पेपरचं तुम्ही?" मी पेपरचा नाही, हे दोनदा सांगूनही त्यांचं बोलणं सुरूच झालं. पेंडीच्या पोत्याचा भाव, वैरणीचा भाव, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. शेजारच्या पानवाल्यानंही हाक मारली, "ते तुंबलेलं गटार पण घ्या की तेवढं." मोठी लेन्स म्हणजे वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्र म्हणजे आपलं गाऱ्हाणं वर पोचवायची वाट, हा हिशोब इथे अजून पक्का आहे. फोटोत मामा ताठ उभे आहेत, कपाळावर आठ्या आहेत. तो खोटा फोटो नाही. पण तो पेपराला दिलेला चेहरा आहे.

मग याशिका. हा चौकोनी डबा. पुढे एकावर एक दोन काचा. वरच्या काचेतून बघायचं, खालच्या काचेतून फिल्मवर फोटो पडतो. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून खाली बघायचं. डोळ्याला लावायचा नसल्यामुळे फोटो काढणाऱ्याचं तोंड उघडं राहतं, बोलता बोलता फोटो निघतो. मामांनी विचारलं, "ह्यात बघू की." वाकून बघितलं आणि हसले. "म्हस उलटी दिसालीया!" आतल्या आरशामुळे डावं-उजवं बदलतं, ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. चरवी त्यांनी मुद्दाम या हातातून त्या हातात घेऊन बघितली. मग परत खाली बसले आणि धार काढू लागले. माझ्याकडे न बघता, पण तोंड न लपवता. मी बटण दाबलं. त्याचा आवाज एवढासा असतो की त्यांना कळलंही नाही. "काढला का?" त्यांनी नंतर विचारलं.

शुक्रवार

पहाटे एका जुन्या तालमीत गेलो. मित्राने वस्तादांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. चपला दारातच काढायच्या, आणि मोबाईलही. "हौद्याजवळ मोबाईल नको," वस्ताद म्हणाले. "पोरांचं ध्यान जातंय." खरंच पोरांचे मोबाईल कोनाड्यात ओळीने ठेवलेले होते. दिवसभर रील बघणारी ही पोरं मेहनतीच्या वेळी त्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मीही माझा तिथेच ठेवला.

हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. आत शिरल्याबरोबर तो वास येतो. उजेड फारच कमी. एकच झरोका आणि दोन दिवे. डीएसएलआर काढला आणि जोर मारणाऱ्या पोरांच्या छात्या एकदम पुढे आल्या. एकाने दंड फुगवला, दुसरा मुद्दाम झरोक्याच्या उजेडात येऊन उभा राहिला. कॅमेऱ्यातला आरसा वर जाऊन खाली पडायचा खटका त्या बंद जागेत मोठा वाटतो, आणि प्रत्येक खटक्याला कुणीतरी मान वळवतोच. कुस्ती चालू असतानाही वरचा पैलवान क्षणभर माझ्याकडे बघायचा. वस्तादांनी ओरडून सांगितलं, "फोटूकडं बघशील तर चितपट हुशील!" पोरं हसली. मी तो कॅमेरा बॅगेत टाकला. वस्ताद सांगत होते ते बरोबरच होतं. तालमीत माझ्यामुळे एखाद्याचं लक्ष उडून त्याला लागलं असतं, तर त्या फोटोचं मी काय केलं असतं?

याशिका हौद्याच्या कट्ट्यावर ठेवला. एवढ्या कमी उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. हातात धरून जमणार नव्हतं. कट्ट्यावर ठेवलेल्या वस्तूकडे थोड्याच वेळात कुणाचं लक्ष राहिलं नाही. एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून मीही घाई करत नव्हतो. बराच वेळ नुसता बसून होतो. कुणी माती अंगाला चोळत होतं, कुणी थकून भिंतीला टेकलं होतं, एक लहान पोरगं मोठ्या पैलवानाच्या पाठीवर उभं राहून पाठ तुडवत होतं.

शेवटी वस्तादांना विचारलं, तुमचा एक काढू का? ते आत गेले, फेटा बांधून आले आणि भिंतीपाशी उभे राहिले. त्या भिंतीवर जुन्या पैलवानांचे फ्रेम केलेले फोटो आहेत. एक हात गदेवर, एक पाय किंचित पुढे, मान सरळ, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. वस्तादांनी कुणीही न सांगता हुबेहूब तीच ठेवण घेतली. गदा नव्हती म्हणून मुठीत काठी धरली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं तेव्हापासून, या गावात पैलवानाचा फोटो कसा असतो हे ठरून गेलंय. दंड फुगवणारी पोरं मोबाईलमधली ठेवण घेत होती, वस्ताद भिंतीवरची. दोघांनाही आपण कुणासारखं दिसावं हे आधीच माहीत होतं. मला वस्तादांची ठेवण जास्त आवडली, कारण त्यांना तो फोटो त्याच भिंतीवर लागायला हवा होता.

दुपारी खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक बघायला गेलो. चौकात कॅमेऱ्याचं स्मारक असणारी गावं किती असतील? इथे ते असायला कारण आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा मिळवत बसण्यापेक्षा आपला कॅमेरा आपणच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने त्यांनी चालणारा कॅमेरा तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये लोकांपुढे आला. पुढे 1929 मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. शूटिंग कोल्हापूरच्या घराघरात माहीत आहे ते यामुळे. मित्राची आजी सांगते, तिच्या लहानपणी गल्लीतली निम्मी माणसं कधी ना कधी गर्दीत उभी राहायला स्टुडिओत जाऊन आलेली. "क्यामेऱ्याकडं बघायचं न्हाई म्हणून सांगायची," ती म्हणाली. तिचा फोटो काढायला गेलो तर ती आजही कॅमेऱ्याच्या थोडं बाजूलाच बघते.

शनिवार

या दिवसासाठीच खरं तर आलो होतो. सकाळी चप्पल लाइन, नंतर सुभाषनगर.

चप्पल लाइनमध्ये दुकानदारांना कॅमेऱ्याचं काहीच वाटत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवतं, "ही घेऊ का ती?" विचारतं. तो धंद्याचाच भाग झालाय. पण जिथे चपला बनतात, तिथे वेगळं वारं आहे. एका घरापुढे ओसरीवर एक कारागीर रापीने चामडं कापत होते. डीएसएलआर गळ्यात बघून त्यांनी पुढ्यातल्या तयार चपला उलट्या करून ठेवल्या. तळ वर, अंगठा आणि वेणी खाली. माझ्याशी बोलणं नीट, चहा घ्या म्हणणंही मनापासून. पण चपला उलट्या.

कारण विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. सुरुवातीला त्यात कोल्हापूरचं नावही नव्हतं. इकडे आरडाओरडा झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीवरून कल्पना घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या प्रकरणानंतर गल्लीत कॅमेरे घेऊन बरेच जण येऊन गेले. "समदी फोटू काढून गेली," ते म्हणाले. "आमच्या हातात काय आलं? कुणाचा फोटू कुठं छापला, ते पण ठावं न्हाई."

मी डीएसएलआर बॅगेत ठेवला. हे ऐकल्यावर तो बाहेर ठेवणं मला बरं वाटेना. माणसाने हातातली वस्तू लपवावी इतका अविश्वास त्याच्या मनात आहे आणि त्याला आधार आहे. त्याचं मन वळवून फोटो काढणं म्हणजे आणखी एकदा तेच करणं. नुसता बसून राहिलो. ते सांगत होते आणि मी वहीत लिहीत होतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं कसं कमावतात, कापशी नावाच्या चपलेचा कान कसा वेगळा, वेणी किती बारीक पडते त्यावर चपलेची किंमत कशी ठरते.

वेणी घालत होत्या त्यांच्या घरातल्या वहिनी. दाराच्या उजेडात बसून, आरी बाजूला ठेवून, बोटांनी. त्यांनीच विचारलं, "त्यो फोटू लगेच भाईर पडतोय त्यो क्यामेरा तुमच्याकडं हाय व्हय?" मित्राने आत बोलताना इन्स्टॅक्सचा उल्लेख केला होता. मी तो काढला. हे यंत्र दिसायला खेळण्यासारखंच आहे, गुबगुबीत, फिक्या रंगाचं. त्याला कुणी घाबरत नाही. बटण दाबलं, पांढरा कागद बाहेर आला, वहिनींनी तो पदरावर ठेवला. दीडेक मिनिटात आधी दार दिसू लागलं, मग त्यांचा पदर, मग हात, शेवटी चेहरा. घरातले सगळे वाकून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "ह्याची दुसरी कापी तुमच्याकडं ऱ्हाती काय?" नाही, हा एवढाच. त्यांनी तो कागद हातात घट्ट धरला आणि मालकांकडे बघितलं. मालकांनी काही न बोलता पुढ्यातल्या चपला सुलट्या केल्या.

इतके दिवस मला वाटायचं की माणसं लाजतात, किंवा कॅमेऱ्याच्या आकाराला बुजतात. ते थोडंफार खरं असेलही. पण माणूस मुळात विचारत असतो ते हे : फोटो राहणार कुणाकडे? मोबाईलमधला माझ्याकडे राहतो आणि पुढे कुठेही जाऊ शकतो. डीएसएलआरचा माझ्याकडे किंवा छापखान्याकडे. इन्स्टॅक्सचा त्यांच्याकडे. याशिकाचा प्रश्न मात्र वेगळा. तोही माझ्याकडेच राहतो, तरी त्याला कुणी हरकत घेत नाही. त्याचं एक कारण मला तिथेच मिळालं. मी याशिका काढल्यावर मालक म्हणाले, "ह्यातलं धुवून आणाय लागतंय न्हवं? मंग एवढं करून आमचा फोटू कशाला कोण इकडंतिकडं टाकंल!" फिल्मला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि एवढा खर्च करणारा माणूस फोटो उधळून टाकत नाही, असा त्यांचा समज. त्या समजाला जागणं आता माझ्यावर आलं.

इन्स्टॅक्सबद्दल मात्र सरसकट चांगलं लिहिता येत नाही. एक फोटो बाहेर पडला आणि गल्लीतली पोरं जमली, मग पोरांच्या आया, मग शेजारच्या ओसरीवरचे आजोबा. एका पाकिटात दहाच कागद. कुणाला मिळाला, कुणाला नाही, यावरून दोन बहिणींत रडारड झाली. शिवाय प्रत्येक जण दाराशी येऊन ताठ उभा राहतो. मागे काय चाललंय ते बघायला सवडच उरत नाही. तिथे मी फोटोग्राफर नव्हतो, फोटो वाटणारा होतो. वाटण्यात आनंद आहे, तो मी घेतला. पण दिवसभराचं काम म्हणून बघितलं तर त्या यंत्राने मला ओसरी दिली, आणि ओसरीवरचं काम टिपायचं ते याशिकानेच.

रात्री तांबडा-पांढरा झाला. त्यावर इथे लिहीत नाही, सगळ्यांनी आधीच लिहिलंय.

रविवार

माघातले रविवार म्हणजे जोतिबाचे खेटे. लोक पहाटेच पायी डोंगर चढतात. वर पोचेपर्यंत "चांगभलं" कानात बसलेलं असतं आणि अंगावर गुलाल. डीएसएलआरला प्लास्टिक गुंडाळून फक्त लेन्सचं तोंड उघडं ठेवलं होतं. गुलालाची बारीक भुकटी झूमच्या फटीत गेली की लेन्स खोलूनच साफ करावी लागते. माणसंच मला सांभाळत होती. "क्यामेरा झाका पावणं," म्हणून एकाने स्वतःचा टॉवेल दिला.

गंगावेशीत ज्या मोबाईलवर संशय होता, तो इथे कुणाला दिसतसुद्धा नव्हता. जो तो दुसऱ्याचा फोटो काढत होता, अनोळखी माणसाच्या हातात आपला मोबाईल देऊन "आमचा एक काढा की" म्हणत होता. देवाच्या दारी सगळेच पाहुणे असतात, म्हणून असेल. गाभाऱ्यापाशी मात्र कॅमेरे आपोआप खाली गेले.

एका बाजूला एका बाईंच्या अंगात आलं होतं. भोवती घरची माणसं उभी होती. तीन-चार मोबाईल वर झाले. त्यांच्यातल्या एका तरुण पोराने हात आडवा करून सगळ्यांना खाली घ्यायला लावले. मी आधीच कॅमेरा पाठीवर टाकला होता. ज्या माणसाला त्या घडीला "नको" म्हणता येत नाही, त्याचा फोटो कुठल्याच कॅमेऱ्याने काढू नये. इथे लेन्सच्या, फिल्मच्या गोष्टी संपतात. त्या पोराशी नंतर बोललो. त्या त्याच्या आत्या होत्या. "मागल्या साली कुणीतर टाकला व्हिडिओ. आत्याला गावात लोक दाखवायची," तो म्हणाला.

सोमवार

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो. तिथे कुणाला कॅमेऱ्यासाठी वेळच नाही, कुठल्याच. चरकातून रस पडतोय, चुलवणात चिपाडं जातायत, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय, भेंडीचं पाणी घालतोय. आदण कधी उतरायचं हे त्याच्या नजरेवर. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो. मोबाईल, डीएसएलआर, याशिका, सगळे आळीपाळीने काढले. गुळव्याने एकदाही बघितलं नाही. फक्त एकदा, मी वाफेत फार पुढे गेलो तेव्हा, हाताने मागे सारलं. लेन्सवर वाफ धरत होती, ती पुसत होतो. काहील वाफ्यात उलटल्यावर तो बाजूला येऊन बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "आता काढा." कामातला फोटो त्याच्या लेखी फोटोच नव्हता. फोटो म्हणजे हात धुवून, टोपी नीट करून, बसून. मी दोन्ही काढले आणि त्याला कुठला हवा ते विचारलं. अर्थातच बसलेला.

संध्याकाळी शहरातल्या एका स्टुडिओतून डीएसएलआरच्या फोटोंच्या प्रती छापून घेतल्या, साध्या पोस्टकार्ड आकाराच्या, आणि वाटायला निघालो. तालमीतल्या पोरांनी आपापले ओढून घेतले. गंगावेशीत दूधवाले मामा आपला फोटो बराच वेळ बघत होते. "ह्यात म्या भांडालोय असं वाटतंय," ते म्हणाले. "तुमच्या त्या उलट्या डब्यातला कधी येणार?" रोल पुण्यात धुवायला टाकणार, मग येईल, म्हणून सांगितलं. त्यांनी पत्ता लिहून घ्यायला लावला, आणि नीट लिहिलाय का ते वाचून दाखवायला लावलं.

वहीत आता अशा पत्त्यांची दोन पानं भरली आहेत. वस्तादांना मोठा हवा आहे, फ्रेमच्या मापाचा. गुळव्याला एक गावाकडे आणि एक गुऱ्हाळाच्या मालकाकडे. सुभाषनगरच्या वहिनींनी याशिकातल्या फोटोच्या दोन प्रती मागितल्यात, एक घरासाठी आणि एक निपाणीला माहेरी. "भावाला म्हाईत न्हाई म्या येणी किती बारीक घालतो ते," त्या म्हणाल्या, "त्यात बोटं नीट दिसत्यात का तेवढं बघून मंगच धाडा."